एकोणतीस कोऱ्या ओळी

लुडविक रेल्वेतून निवृत्त झाला आणि गावाच्या डोक्याला ताप झाला. एकसष्ट वर्षांच्या माणसानं आपला मळा बघावा, दुपारी आडवं व्हावं. पण हा मधपाळ मंडळाचा चिटणीस झाला आणि आपली पद्धत ज्याच्या त्याच्या गळी उतरवायला निघाला.

जुलैत राणीमाशीला पिंजऱ्यात कोंडलं की पिल्लं होत नाहीत आणि पिल्लांवर वाढणारी कीड उपाशी मरते. एवढं आमच्याकडे बरेच जण करतात. लुडविकचं म्हणणं, सप्टेंबरात तिला पुन्हा एकदा कोंडायचं. गेल्या वर्षी निम्म्या मंडळानं त्याचं ऐकलं होतं. येत्या शनिवारी ही पद्धत सगळ्यांनी घ्यायची का, यावर मतदान होतं. म्हातारा येर्नेय भर सभेत म्हणाला होता, "तुझ्या तोंडाला कोण लागणार? आकडे आण."

आकडे आणायचे म्हणजे संगणक आला. बहिणीची मुलगी टिंकारा राजधानीत, ल्युब्ल्यानाच्या शेती विद्यापीठात शिकवते. रविवारी जेवण झाल्यावर तिनं त्याच्या संगणकावर आकडेवारीचं सॉफ्टवेअर घातलं आणि मामाला शेजारी बसवलं.

"एका मधपेटीला एक ओळ. एका गोष्टीला एक रकाना. पद्धत नवी असेल तर १, जुनी असेल तर ०. पुढे मध किती किलो, ते. बस."

लुडविकनं सभासदांच्या वह्या उघडल्या आणि एका बोटानं टाइप करायला घेतलं. तासाभरानं टिंकारानं पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मामा, हे 'सुमारे १४' काय आहे?"

"येर्नेयच्या वहीत तसंच आहे. त्याचा काटा मोडलाय."

"सॉफ्टवेअरला सुमारे कळत नाही."

"मग ते येर्नेयपेक्षा बरं. त्याला काहीच कळत नाही."

दोनशे बारा पेट्या भरायला बुधवार उजाडला. टिंकारा पुन्हा आली. कुठे दाबायचं ते तिनं दाखवलं आणि सरासरी त्यानं स्वतः काढली. नवी पद्धत, पेटीमागे एकोणीस किलो. जुनी, पंधरा. लुडविकच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शनिवारी येर्नेयचं तोंड कसं होईल, हे तो मनातल्या मनात पाहू लागला.

"थांबा," टिंकारा म्हणाली. "सरासरी मानण्याआधी त्यात किती ओळी धरल्या ते बघायचं, हा पहिला धडा. तुम्ही दोनशे बारा भरल्या. यानं एकशे त्र्याऐंशीच धरल्यात. एकोणतीस कुठे गेल्या?"

"त्या पेट्या गेल्या. थंडीत."

"मग मधाच्या रकान्यात शून्य का नाही?"

लुडविकला प्रश्नच कळेना. गेलेल्या पेटीपुढे आमच्याकडे कुणी शून्य लिहीत नाही. माशी जनावरासारखी मरत नाही, माणसासारखी जाते. तिच्यापुढे जागा कोरी ठेवतात. बापानं ठेवली, आजोबांनी ठेवली.

"कोरी जागा दिसली की हे ती ओळच सोडून देतं, मामा. त्या पेट्या नव्हत्याच, असं धरतं."

लुडविक वह्या पुन्हा उघडून एकेक शून्य भरत गेला. एकोणतीसपैकी पंचवीस त्याच्या पद्धतीच्या निघाल्या. त्यात त्याच्या स्वतःच्या तीन होत्या, ज्यांचं खापर त्यानं कडाक्याच्या थंडीवर फोडलं होतं. आणि मित्राची विधवा झोफका, तिच्या सहा. तिच्याकडे होत्याच सहा.

सरासरी पुन्हा काढली. नवी चौदा, जुनी साडेचौदा. दुसऱ्यांदा कोंडल्यामुळे थंडी काढणाऱ्या तरण्या माशाच जन्मल्या नव्हत्या, हे कळायला त्याला आता सॉफ्टवेअरची गरज नव्हती.

"मामा, सभेत मी येऊ का बरोबर?" टिंकारानं विचारलं.

"सभेत मी निस्तरीन. आधी दुसरीकडे जायचंय."

झोफका स्वयंपाकघरात घेवड्याचे दाणे निवडत होती. तिचा नवरा मातेव्झ लुडविकचा जिवलग मित्र. तो वारल्यावर पेट्या तिच्याकडे आल्या आणि पहिल्याच थंडीत सगळ्या गेल्या. तेव्हापासून बाई मधमाशीचं नाव काढत नव्हती.

लुडविक टोपी हातात धरून दाराशीच उभा राहिला. बसायची त्याला लाज वाटत होती.

"वहिनी, तुमच्या पेट्या तुमच्या हातून गेल्या नाहीत. माझ्या सांगण्यानं गेल्या. तुम्ही मी म्हटलं तसंच केलंत, म्हणून गेल्या. शनिवारी सगळ्यांना सांगणारच आहे. पण आधी तुम्हाला."

तिचा हात दाण्यांत थांबला.

"फेब्रुवारीपासून मी त्याच्या कबरीवर गेले नाही, भाऊजी," ती म्हणाली. "परवा सर्व संतांच्या दिवशी सगळं गाव कबरींवर गेलं, तेव्हासुद्धा सुनेच्या हाती मेणबत्त्या पाठवल्या. चाळीस वर्षं त्यानं सांभाळलं, ते मी एका थंडीत घालवलं. कुठल्या तोंडानं जाणार होते?"

लुडविकचे डोळे भरून आले ते त्यानं लपवले नाहीत.

ती उठली. हात पुसले, दारामागचा कोट अंगावर चढवला.

"चला," ती म्हणाली. "त्यालाही तुम्हीच सांगा."