खांबाकडची बाजू

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही. चार जाड बोल्टांनी मला जागच्या जागी जखडून ठेवले आहे, तरी माझा जीव सारखा इकडून तिकडे फिरत असतो. तुमच्या घरच्या शेगडीवरचा तवा मात्र डोळ्यांपुढे आणू नका. माझा घेर एवढा मोठा आहे की तुमच्यापैकी दोघे जण माझ्यावर आरामात लोळू शकतील. कृपा करून लोळू नका, कारण मी सकाळपासून तापलेला असतो.

एका कारखान्यात जाड पोलादी पत्र्यातून मला गोल कापले. मग दोन दिवस असे घासले की कारागिराला माझ्यात आपल्या मिशा दिसू लागल्या. सहा माणसांनी धापा टाकत मला टेंपोत चढवले, तेव्हा मला वाटले, आता आपण जग बघणार! तासाभरात टेंपो थांबला आणि मला एका हॉटेलच्या मधोमध बसवले, एका बाजूला जाड खांब आणि दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकांना बघायला काच. झाले माझे जग बघून.

हॉटेलच्या पाटीवर ‘मंगोलियन’ असे लिहिले आहे. मंगोलिया नेमका कुठे आहे ते मला ठाऊक नाही, आणि आमच्या मालकीणबाईंना कुणी विचारले तर त्या हाताने लांबची दिशा दाखवतात. इथली रीत मात्र मला पक्की ठाऊक आहे. माणसे वाडगा घेऊन रांगेत येतात. कोबी, गाजर, मशरूम, कोंबडीचे तुकडे, नूडल्स असे सगळे मांडलेले असते. ज्याने त्याने आपल्याला हवे ते भरायचे, वरून हवा तो सॉस ओतायचा आणि वाडगा आचाऱ्याच्या हाती द्यायचा. आचारी तो माझ्यावर पालथा घालतो आणि दोन लांब काठ्यांनी परततो. एका वेळी माझ्यावर आठ जणांचे जेवण शिजते, प्रत्येकाचे आपापल्या जागी. वाडगा एकदाच भरता येतो, म्हणून एरवी शहाणी असलेली माणसेसुद्धा इथे जास्तीत जास्त भरायला नाना युक्त्या लढवतात. गाजराच्या चकत्या कडेने उभ्या रोवून वाडग्याला भिंत बांधणारे एक आजोबा मी स्वतः पाहिले आहेत.

आमच्या आचाऱ्याला सगळे फिरकीकाका म्हणत. दिवसभर ते माझ्याभोवती गोल गोल फिरत, म्हणून ते नाव. ते फिरायचे आणि मी चरचरायचो. लहान मुले काचेला नाक लावून बघायची. ‘काय तवा आहे!’ असे कुणी म्हणाले की फिरकीकाका मला काठीने हलकेच टिचकी मारायचे. ती माझी सुखाची वर्षे होती.

मग एकदा दुपारी स्वच्छतेच्या तपासणीची माणसे अचानक येणार असल्याचा निरोप आला. मालकीणबाईंची धांदल उडाली. मला लवकर निववून घासायचे म्हणून त्यांनी थंड पाण्याची बादली उचलली आणि माझ्या तापलेल्या अंगावर ओतली. ठण्ण असा आवाज झाला. माझ्या अंगातून अशी कळ गेली की विचारू नका. तपासणी नीट पार पडली आणि बादलीचे सगळे विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी फिरकीकाकांनी माझ्यावर तेल घातले तर ते घरंगळत काचेच्या बाजूला निघाले. मी वाकलो होतो. फार नाही, नुसत्या नजरेला कळणारही नाही इतकाच. पण माझी खांबाकडची बाजू उंच झाली होती आणि काचेकडची खोल. काकांनी आजूबाजूला पाहिले आणि हळूच म्हणाले, “हे कळलं तर तुला भंगारात काढतील रे. आपण दोघं सांभाळून घेऊ.”

मला भरून आले. कोण करते हो एका तव्यासाठी एवढे? त्या दिवसापासून ते आम्हा दोघांचे गुपित झाले. पातळ सॉसवाले वाडगे काका काचेकडे घ्यायचे, कोरडे मधे. आणि बटणचे जेवण नेहमी खांबाकडच्या उंच बाजूला.

बटण ही आठ वर्षांची मुलगी. गोल चेहरा आणि गोल डोळे, म्हणून घरचे तिला बटण म्हणायचे. तिला शेंगदाणा अजिबात चालायचा नाही. कणभर पोटात गेला तरी तिचे ओठ सुजायचे आणि श्वास अडकायचा. तिच्या आईच्या पिशवीत कायम एक इंजेक्शन असायचे. वाढदिवसाला, लग्नाला, सहलीला, कुठेही गेली तरी बटण आपला डबा घेऊन जायची आणि कोपऱ्यात बसून खायची. फक्त आमच्याकडे तिला डबा लागायचा नाही, कारण इथे ती स्वतःच्या हाताने वाडगा भरायची आणि तो शिजताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. एक शनिवार सोडून एक शनिवार तिची आई तिला हॉटेल उघडताच घेऊन यायची. तव्यावर दुसऱ्या कुणाचेही काही पडायच्या आत बटणचा वाडगा व्हायचा. तिचे काकांवर फार प्रेम होते. काकांचेही होते.

मग फिरकीकाकांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले आणि पंधरा दिवसांसाठी बदली आचारी आला. माणूस कामाचा, स्वच्छ आणि नम्र. काका जाताना त्याला सगळे दाखवून गेले. गॅसची कळ कुठे, काठ्या कुठे, खरवडायचे पाते कुठे. माझे वाकणे तेवढे सांगितले नाही. मी वाट बघत होतो. आता सांगतील, मग सांगतील. काका दारापर्यंत गेले, परत वळले, छत्री घेतली आणि गेले. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला.

त्या शनिवारी बटण आईबरोबर आली नाही. आईला कामावर जावे लागले म्हणून आत्या तिला घेऊन आली, आणि आत्याला उशीर झाला. हॉटेल गच्च भरले होते. आत्याने बदली आचाऱ्याला शेंगदाण्याचे सगळे नीट सांगितले. त्यानेही मनापासून ऐकले. माझा अर्धा भाग पात्याने खरवडला, पुसला, धुतलेल्या काठ्या काढल्या. मग बटणकडे बघून हसला.

“तुझं इथं काचेजवळ करतो, म्हणजे तुला नीट दिसेल.”

“माझी जागा तिकडे आहे, खांबाजवळ,” बटण म्हणाली.

“अगं, इथून दिसतं ना छान!” आत्या म्हणाली. “त्या दादाला काम करू दे.”

बदली आचाऱ्याने नूडल्स काचेकडे घातल्या. माझ्या सगळ्यात खोल जागी! त्याच वेळी पलीकडे खांबाजवळ एका गृहस्थांचा वाडगा पालथा झाला. डोंगराएवढा भरलेला, आणि वरून तीन पळ्या शेंगदाण्याचा सॉस.

मित्रांनो, माझ्या त्या मिनिटाची तुम्हाला कल्पना यायची नाही. सॉस पातळ होऊ लागला. त्याची एक बारीक तपकिरी रेघ सुटली आणि निघाली. मला कळत होते ती कुठे चालली आहे. मी चरचरलो, तडतडलो, धूर काढला. तापलेल्या तव्याने आणखी काय करायचे? बदली आचाऱ्याला वाटले आच जास्त झाली. त्याने गॅस बारीक केला. रेघ कोबीच्या दोन पानांखालून गेली आणि बटणच्या नूडल्सच्या कडेला शिरली. त्याने नूडल्स गोळा केल्या, स्वच्छ वाडग्यात भरल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या.

“मी नाही खाणार,” बटण म्हणाली.

“आता काय झालं?”

“तिकडचं काहीतरी वाहत आलं. मी बघितलं.”

आत्याचा चेहरा पडला. मागची रांग चुळबुळत होती. “बटण, दादाने तुझ्यासाठी सगळं मुद्दाम धुतलं. चारचौघांत असं करू नये. एक घास खा बघू, माझ्यासाठी.” तिने काट्यावर नूडल्स गुंडाळल्या आणि बटणच्या तोंडाजवळ नेल्या. बटणने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

बदली आचारी दुखावला होता. “बाळा, मी एवढी वर्षं हे काम करतो. तवा सपाट असतो. तिकडचं इकडे येईलच कसं?”

“मग तिकडे पाणी ओता,” बटण हातांच्या आडून म्हणाली. “नाही आलं तर मी खाते.”

रांगेतले कुणीतरी हसले. बदली आचाऱ्याने मान हलवली, पण भांडे उचलले आणि खांबाजवळ थोडे पाणी ओतले. तापलेल्या तव्यावर पाण्याच्या गोळ्या होतात. त्या गोळ्या टणाटण उड्या मारत, जराही न चुकता, काचेकडे धावत आल्या आणि बटणच्या रिकाम्या जागेवर येऊन नाचू लागल्या.

आत्याच्या हातातला काटा खाली पडला. तिने वाडगा लांब ढकलला आणि बटणला असे कवटाळले की तिचा श्वास तिथेच अडकावा. “मी भरवत होते गं,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “मी माझ्या हाताने भरवत होते.” माझ्या खाली गॅस चालू होता, तरी मला हुडहुडी भरली.

मालकीणबाईंनी त्याच दिवशी मला बंद केले. मला वाटले, संपले, आता भंगारवाल्याकडे. सहा माणसांनी पुन्हा मला टेंपोत चढवले. पण टेंपो गेला तो त्या कारखान्यात. तिथल्या माणसाने माझ्यावर पट्टी धरली, डोळा बारीक करून पाहिले आणि विचारले, “एवढंच ना? मग आधी का नाही आणलात?” दोन दिवसांत मी पुन्हा सपाट झालो. मला टाकून द्यायचे कुणाच्या मनातही आले नव्हते. ज्या भीतीपोटी आम्ही दोघे गप्प बसलो, त्या भीतीत काही दमच नव्हता. मालकीणबाईंनी बटणसाठी एक वेगळी कढई आणि वेगळा गॅस मांडला. बदली आचाऱ्यालाही त्यांनी कायमचे ठेवून घेतले.

ठरल्या दिवशी फिरकीकाका काळा चष्मा लावून कामावर आले. त्यांना सगळे कळले होते. शनिवारी हॉटेल उघडताच बटण आणि तिची आई आली. बटणने वाडगा भरला आणि काचेपाशी उभी राहिली.

“काका, तुम्ही माझं नेहमी खांबाकडेच का करायचात?”

फिरकीकाकांनी चष्मा काढला. एक डोळा अजून लाल होता. “तिकडे उंच होतं म्हणून.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

“सांगितलं असतं तर या तव्याला भंगारात काढतील असं वाटलं मला.”

बटणने विचारले, “आणि मी?”

“चुकलो, बेटा,” फिरकीकाका म्हणाले, आणि नेहमीसारखा वाडगा घ्यायला त्यांनी हात पुढे केला. बटणला राग आलेला नव्हता. ती त्यांच्याकडे बघून हसलीसुद्धा. पण तिने वाडगा त्यांच्या हाताशेजारून पुढे नेला आणि बदली आचाऱ्याला दिला.

मित्रांनो, मी तवा आहे. मला घासले की मी नवा होतो. काकांचा तो पुढे केलेला हात मात्र अजून मला दिसतो. तुमच्याकडेही असे काहीतरी असेल, जुने, लाडके, जरा वाकलेले. त्याची खोड झाकून त्याला सांभाळू नका. ज्याला त्याची झळ लागेल, त्याला आधी सांगा. त्या दिवशी सांगायला मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.