चेराचा पार

आमच्या कुंभिवलीत चेराचं एकच झाड उरलंय. चेर सह्याद्रीबाहेर जगात कुठंच आपसूक उगवत नाही, असं कॉलेजच्या लोकांनी सांगितलं आणि गावाला भलतंच कौतुक आलं. आमच्याकडे कौतुक आलं की पाठोपाठ सिमेंट येतं. माझे मोठे दीर कमलेश यांनी उन्हाळ्यात बुंध्याला चिकटून पार बांधला, वर फरशी बसवली आणि मधोमध काळ्या दगडात सासऱ्यांचं नाव कोरलं. सासऱ्यांनीच हे झाड राखलं होतं. भाताचे भारे बांधायला ते चेराच्या सालीचे दोर वळायचे, पण साल घ्यायची ती फक्त मोडून पडलेल्या फांदीची.

गणपतीच्या दिवसांत हा चेर पिवळ्या फुलांनी भरतो. यंदा एक फूल नाही, उलट भर पावसात पानं गळायला लागली. वाकून बघितलं तर सिमेंट सालीत रुतलेलं. मुळांना पाणी मिळणार कुठून? माझं डोकंच फिरलं.

"भाऊजी, पार फोडायला लागंल."

"बाबांच्या नावावर घाव घालतेस? गाव तोंडात शेण घालंल!"

"झाड मेलं तर ते नाव कुनाच्या सावलीत ठेवाल?"

नवरा म्हणाला, दादाला सावकाश समजावू. सावकाश! झाड काय आमच्या बैठकीसाठी थांबणार होतं?

सकाळी पहार घेऊन मीच गेले. कडेच्या चार फरश्या उखडल्या, तेवढ्यात कमलेशभाऊजी धावत आले आणि थेट नावाच्या दगडावर उभे राहिले. मागोमाग सासूबाई.

"हितं हात लावायचा नाय!" भाऊजी ओरडले.

"मग ऱ्हावा उभे. मी भोवतीनं फोडते."

सासूबाईंनी माझ्या हातातली पहार काढून घेतली. आता संपलं, असं मला वाटलं आणि रडूच आलं. त्यांनी पदर खोचला, पारावर चढल्या. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सासूबाई तर रेशनच्या दुकानातसुद्धा 'कमलेशचा बाप' म्हणायच्या.

"गोमा," भाऊजींच्या पायाखालच्या दगडाकडे बघत त्या मोठ्यानं म्हणाल्या, "सरका वो जरा. तुमचं झाड गुदमारतंय."

भाऊजी खाली उतरले. सासूबाईंनी पहार उचलली आणि पहिला घाव त्या नावावर घातला.