'बाद' झालेलं शेठचं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आंबेगाव तालुक्यातल्या एका बाजारगावच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. अंगाचा रंग पिवळा पडलाय, कळफलकावरची चार अक्षरं पुसून गेली आहेत, आणि सकाळी सुरू होताना मी बराच वेळ घरघरतो. पण म्हणून माझी कीव करू नका. आमच्या वाचनालयाच्या सगळ्या शाखांतलं एकूण एक पुस्तक मला ठाऊक आहे. ते कुठल्या कपाटात आहे आणि कोणी नेलंय, हे मी झोपेतसुद्धा सांगेन.

एका कारखान्यात मला जोडलं आणि खोक्यात घालून इथं आणलं. त्या दिवशी मला हार घातला, माझ्यापुढं नारळ फोडला. नवरदेवाचा असावा, तसा माझा थाट होता! ग्रंथपाल वृषालीताईंनी एकेक पुस्तक उघडून त्याची माहिती मला दिली. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याच्या स्मरणार्थ वाचनालयाला पुस्तकं देतात आणि आत तसा शिक्का मारतात. वृषालीताईंनी ते शिक्क्यावरचं नावही माझ्यात नोंदवायचं सोडलं नाही. नसता उपद्व्याप, असं म्हणून काहीजण हसलेही.

पुढे ज्याच्या त्याच्या हाती मोबाईल आले आणि माझं कौतुक ओसरलं. आता लोक येतात, 'शेती' एवढंच लिहितात. मी पानंच्या पानं काढून देतो, तर मलाच नावं ठेवतात. अरे, मी काय मनकवडा आहे? शोधाच्या चौकटीखाली 'प्रगत शोध' असं बटण आहे. तिथं लेखक, विषय, वर्ष वेगवेगळं सांगता येतं आणि नको ते वगळता येतं. पण तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. मला याचा राग येतो, खोटं कशाला बोलू.

एकदा सकाळीच अवसरी बुद्रुकच्या साळुबाई आल्या. उतारवयात साक्षरता वर्गात जाऊन त्या अक्षरं शिकलेल्या. त्यांना 'शेठचं पुस्तक' हवं होतं. पूर्वी कांदे साठवायच्या त्यांच्या चाळीत कांदे निवडायला बायका बसल्या की त्यांचे यजमान कुंडलिकराव ते पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचे. दर हंगामाला वाचनालयातून तेच आणायचे. आता कुंडलिकरावांची नजर पार गेली होती, आणि नजरेबरोबर बोलणंही. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

"आजवर त्यांनी वाचलं, आमी ऐकलं. आता मी वाचीन," साळुबाई म्हणाल्या. "पण पुस्तक तेच पायजे. दुसरं ते ऐकायचं न्हाईत."

शेठ म्हणजे कापडवाले फतेचंद. वृषालीताईंनी लेखक म्हणून तेच नाव लिहिलं. मी सरळ सांगितलं, असा लेखक नाही. मग त्यांनी पुस्तकाचं खरं नाव विचारलं. ते साळुबाईंना कुठून माहीत असणार? पुस्तकाला वरचं पान नव्हतंच. गोष्ट समुद्राची आहे म्हणाल्या, म्हणून ताईंनी 'समुद्र' लिहिलं, तर मी मासेमारीपासून मिठापर्यंत सगळं ओतलं. साळुबाईंचा चेहरा उतरला.

"आवं, शिक्का हाय की शेठचा त्याच्यावर," त्या म्हणाल्या.

वृषालीताईंचा हात जागीच थांबला. शेठ लेखक नव्हतेच, त्यांच्या स्मरणार्थ पुस्तकं दिलेली होती! त्यांनी 'प्रगत शोध' दाबलं, आणि माझ्या जिवात जीव आला. देणगीदाराच्या रकान्यात फतेचंद. शेठच्या घरच्यांनी कपाटभर पुस्तकं दिली होती, त्यात पोथ्याच जास्त, म्हणून धार्मिक ते वगळलं. विषयात 'समुद्र' आणि प्रकारात 'कथा-कादंबरी' घातलं. मी क्षणात एकच पुस्तक पुढं केलं. विचारणारा नीट विचारू लागला की मी असा आहे!

पण त्या नोंदीपुढं लिहिलं होतं : कळंब शाखा. फाटके. बाद, रद्दीसाठी.

ताईंनी लगेच कळंबला फोन लावला. तिथल्या संपतभाऊंनी सांगितलं की गठ्ठे बांधून दारात ठेवलेत, रद्दीवाल्याचा टेम्पो येतच असेल. ताई त्यांना गठ्ठा सोडायला सांगत होत्या, तोवर साळुबाई पिशवी उचलून निघाल्यासुद्धा. फोनवर त्यांचा भरवसा नव्हता. ताई मागून हाका मारत राहिल्या. तो सारा दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी संपतभाऊंचा फोन आला : गठ्ठा आधीच सोडून ठेवला होता, तरी आजी पुस्तक छातीशी धरून टेम्पो जाईपर्यंत दारातच उभ्या राहिल्या.

काही दिवसांनी साळुबाई पुस्तकाची मुदत वाढवायला आल्या. कुंडलिकराव त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सोबत आले होते. वृषालीताईंनी त्यांना बाकावर बसवलं, आणि माझ्यातला 'बाद' शब्द पुसून तिथं 'वाचनात' असं लिहिलं. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नव्हता. एक मागणं आहे तुमच्याकडे. फाटक्या पानाला खळ लावा, जुन्या यंत्रावरची धूळ पुसा, आणि कोणालाही बाद ठरवण्याआधी त्याला चार प्रश्न नीट विचारून बघा.

वाचन कसं चाललंय, असं ताईंनी विचारलं. साळुबाईंनी बाकाकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"पयल्या दिशी माझी एक ओळ सुटली. तर हे भिताडाकडनं वळून म्हनले, 'आगं, वादळ आदी येतं. परत वाच.' कितीतरी महिन्यांनी बोललं माणूस." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि हसल्या. "तवापासनं मी रोज मुद्दाम चुकते."