कंबरदुखी

दुकान घरचंच, ड्रायक्लीनिंगचं. गल्ल्यावर सासूबाई, मागे मशीनवर थोरली जाऊ, इस्त्रीच्या टेबलावर धाकटी. दोघे भाऊ कपडे पोचवायच्या निमित्ताने दिवसभर बाहेर.

थोरलीला दिवस गेले तसं सासूबाईंनी आधी तिचं तोंड बंद केलं. "तीन महिने हूं की चूं नाही! जावेलासुद्धा नाही. मागच्या वेळी सांगत सुटलीस, काय झालं?" काय झालं ते थोरलीला कुणी सांगायला नको होतं. ते पोर पोटातच गेलं आणि त्या आठवणीने अजून तिचा जीव तुटायचा.

डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारलं, काम काय करतेस? मशीनमध्ये कपडे धुवायच्या सॉल्व्हंटचं नाव ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "त्याच्या वाफेने गर्भ पडण्याची भीती असते. सुरुवातीचे महिने तर फार नाजूक. मशीनपासून लांब राहा."

आता आली का पंचाईत! लांब राहायचं तर कारण सांगायला हवं. थोरलीने शक्कल लढवली. धाकटीपुढे कमरेवर हात ठेवून कण्हली, "वाकवत नाही गं मला. मशीन तू बघशील? इस्त्री मी करते."

"बघते की, ताई." गुणाची बाई! कपडे काढायला धाकटी पार खांद्यापर्यंत ड्रममध्ये शिरायची, गाळणीतला गाळ खरवडायची. तो गोडसर वास टेबलापर्यंत आला की थोरली तोंड फिरवायची. मनाला टोचायचं, नाही असं नाही. पण ही तर धडधाकट, हिला काय होतंय?

महिन्याभराने एका दुपारी धाकटी गाळणी तशीच टाकून बेसिनकडे पळाली. थोरली मागोमाग गेली. "काय गं, काय खाल्लंस?"

धाकटी तोंड पुसत लाजून हसली. "कुणाला बोलू नका हं. दुसरा महिना लागलाय. माझ्या आईने शपथ घातलीय, तीन महिने कुणालाच सांगायचं नाही."

थोरली तशीच मशीनपाशी गेली, बटण खाडकन बंद केलं आणि ओरडली, "आई, ही आजपासून मशीनला हात लावणार नाही! हिला दिवस गेलेत! मलाही गेलेत!"

"अगं हळू, गिऱ्हाईक उभं आहे!" सासूबाई गल्ल्यावरून म्हणाल्या.

"असू दे! ती वाफ पोटातल्या पोराला बाधते. डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच सांगितलंय!"

धाकटी बेसिनपाशीच उभी होती.

"तेव्हाच म्हणजे?" तिने विचारलं. "मग ताई, तुमची कंबर...?"

"एकदाही दुखली नाही," थोरली म्हणाली.