खाऱ्या गावातली सळई

मित्रांनो, मी एक सळई आहे. मला आजवर घरातल्या कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कारण मी समुद्राकाठच्या थळ गावातल्या आवडाबाईंच्या मांडीच्या हाडात राहते. एक्स-रेमध्ये तेवढी पांढरीशुभ्र दिसते आणि, खोटं कशाला बोलू, छान दिसते!

मी टायटॅनियम नावाच्या धातूची. कारखान्यात मला घासूनपुसून लखलखीत केलं आणि मग मी इस्पितळात खोक्यात पडून राहिले. एके सकाळी आवडाबाई घरापुढच्या ओट्यावर सांडलेल्या मासळीच्या पाण्यावरून घसरल्या आणि खुब्याजवळ हाड मोडलं. डॉक्टर अमिषाने त्यांचा कमरेखालचा भाग बधिर केला, छोटीशी चीर दिली आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत मला हाडाच्या पोकळीत सरकवलं. वरखाली स्क्रूही बसवले. हातोडीची ठकठक ऐकून जाग्या असलेल्या आवडाबाई म्हणाल्या, "अगो पोरी, डाक्तरीण हायस का सुतारीण?" सगळे हसले. मला त्या तेव्हाच आवडल्या.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून त्या कशाबशा उभ्या राहिल्या. पण घरी आल्या आणि पाय जमिनीला लावेनात! जन्म समुद्राकाठी गेलेला. खाऱ्या हवेने कड्या, खिळे, विळे गंजून तुटलेले त्यांनी पाहिले होते. त्यांच्या मनाने घेतलं, की रक्तही खारटच, तेव्हा सळई आत गंजणार आणि भार दिला की कटकन मोडणार. मी गंजू नये म्हणून त्यांनी सुके बोंबील सोडले. कालवणातलं मीठही सोडलं. कोळ्याच्या घरात, आणि तेही माझ्यासाठी! मला गंज चढत नाही हो, असं ओरडून सांगावंसं वाटे. पण मला कुठलं आलंय तोंड?

डॉक्टर अमिषाने फोनवरून समजावलं. अशाच पडून राहिलात तर पुन्हा चालणं कठीण, असंही बजावलं. बाईंना पटेना. त्यात मुलगा नामा. "आये, तू उठू नको, मी हाय ना," म्हणत तो त्यांना उचलून न्हाणीत नेई. माया खरीच होती, पण पाय दिवसेंदिवस बारीक होत चालला. मी आतल्या आत घाबरून गेले.

आवडाबाईंचे यजमान दत्तात्रेय मुळात अबोल. एका संध्याकाळी जाळं शिवता शिवता ते म्हणाले, "आवडे, आपली जुनी होडी कवा सडली? दर्यात जात व्हती तवा?"

"न्हाय. वाळूत पडून राहिली तवा," आवडाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी वॉकर मागितला. नामा उचलायला धावला.

"उचलू नको र बाला. निस्ता हात दे."

पाऊल जमिनीला टेकलं. ज्या भारासाठी मी घडले, तो भार अंगावर आला. बाईंनी पुढचं पाऊल टाकलं. मी वाकले नाही. तेव्हा मला जो आनंद झाला, तो मला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं हाड असं सांधलं असेल, तर डॉक्टरांना विचारून त्यांना चालू द्या. प्रेमाने जखडून ठेवू नका. आणि ओट्यावर सांडलेलं पाणी तेवढं लगेच पुसा.

आवडाबाई आता काठी टेकत मासळीच्या वाळवणापर्यंत जातात. भाजलेला बोंबीलही खातात. रोज सकाळी उठताना मात्र त्या मांडीवरून हात फिरवतात आणि हळूच म्हणतात, "चल बाय, घे भार."

आणि मी घेते.