नटावरची जांभळी रेघ

शेषेरावाला माणसांतनं उठवायचं, तेही त्याच जागी, तशाच भर गर्दीत. ह्यापलीकडं राजकन्याला वर्षभर दुसरं काही सुचलं नव्हतं. मावशी म्हणायची, सोड गं, झालं गेलं. का सोडायचं? ज्याची बॅग चारचौघांत उपडी झाली नाही त्यानं खुशाल सोडावं.

राजकन्या मूळची लोह्याची. आयटीआय करून नांदेडच्या एका मोटारसायकलींच्या शोरूमला मेकॅनिक म्हणून लागली. वर्कशॉपात सहा गडी आणि ही एकटी बाई. तिची एक सवय होती. ऑइल बदललं, इंजिनाखालचा नट आवळला, की नटावरून इंजिनावर जाईल अशी नेलपॉलिशची एक बारीक जांभळी रेघ ओढायची. पुढं कुणी नट सैल केला की रेघ तुटणार. बाकीचे मार्कर फिरवायचे, ते दोन धुण्यात जायचं. हिची रेघ पावसाळा काढायची.

शेषेराव तिथला मॅनेजर. नव्या गाड्यांना मीटरवर पान्याचं चित्र पेटतं, म्हणजे सर्व्हिसिंगची वेळ झाली. तो दिवा कंपनीच्या मोठ्या मशीननंच बंद करायचा असा नियम, कारण मशीन प्रत्येक गाडीची नोंद कंपनीला कळवतं, ऑइल किती लागलं तेसुद्धा. शेषेरावानं काय करावं? सातशे रुपयांचं निळं अ‍ॅडॅप्टर मागवलं, काडेपेटीएवढं. सीटखालच्या सॉकेटला लावायचं, मोबाईलवर बोट दाबायचं, दिवा बंद! कंपनीला पत्ता नाही. गाडी धुवायची, चेनला तेल मारायचं, गिऱ्हाइकाच्या हातात चावी द्यायची. जुनं ऑइल तसंच आत. नवे डबे कुठं जायचे ते त्याचं त्याला ठाऊक.

असं करता करता वैजनाथ सरांची गाडी लोह्याच्या अलीकडं धावता धावता जाम झाली. सर फेकले गेले, पाय दोन ठिकाणी मोडला. हे सर म्हणजे राजकन्याला आठवीला शिकवलेले, तिच्या बापाला समजावून तिला आयटीआयला घालणारे. आणि गाडीच्या कागदावर मेकॅनिक म्हणून नाव कुणाचं? राजकन्याचं. तिनं त्या खेपेला गाडीला हातसुद्धा लावला नव्हता! नटावर तिची जुनी रेघ शाबूत असणार हे तिला पक्कं माहीत होतं, पण ती धावत वर्कशॉपात पोचेस्तोवर शेषेरावानं गड्यांकडनं इंजिन खोलून घेतलं होतं. वर भरल्या गिऱ्हाइकांत तिची बॅग त्यानं टेबलावर उपडी केली. डबा पडला, ओढणी पडली, नेलपॉलिशची बाटली घरंगळली.

"हे बघा मेकॅनिक!" शेषेराव म्हणाला. "नखं रंगवायला येती इथं, अन् ऑइल इकून खाती."

लोक हसले. ते तिनं गिळलं असतं. पण दवाखान्यात भेटायला गेली तर सर भिंतीकडं बघत म्हणाले, "राजकन्या, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." ते काही केल्या गिळलं जाईना.

नांदेड सुटलं. लातुरात मावशीकडं राहून तिनं रेणापूर नाक्याजवळ पत्र्याचं शेड टाकलं. पहिली वस्तू कुठली घेतली असेल? तेच निळं अ‍ॅडॅप्टर. ऑइल बदलायची, मगच दिवा बंद करायची. ते यंत्र हाताळता हाताळता तिला एक गोष्ट कळली. कंपनीला कळो न कळो, गाडी स्वतः विसरत नाही. दिवा किती किलोमीटरला बंद केला, ते तिच्या पोटात राहतं आणि हेच सातशेचं खेळणं ते वाचूनही दाखवतं.

यंदा खंडेनवमी आठ दिवसांवर असताना बसलिंगप्पा तिच्या शेडात आले. बियाण्यांच्या कंपनीचा फिरता माणूस, लातूर-नांदेड सारखी ये-जा.

"ताई, इंजिन लई खडखड करून राहिलंय बघा. अन् सर्व्हिसिंग तर आत्ताच झालं नांदेडला."

राजकन्यानं अ‍ॅडॅप्टर लावलं. अकरा हजार, सोळा हजार, एकवीस हजार. तीनदा दिवा बंद. मग बॅटरी घेऊन ती गाडीखाली आडवी झाली, आणि तशीच पडून राहिली. नटावर तिची जांभळी रेघ होती, सहा हजाराला तिनं स्वतः ओढलेली. अख्खी. पंधरा हजार किलोमीटर हा माणूस एकाच काळ्या ऑइलवर फिरत होता!

सापडला शेषेराव! नट खोलला तर रेघ तुटणार, पुरावा गेला. न खोलता गाडी तशीच दिली तर? खंडेनवमीपर्यंत आठच दिवस. एवढे दिवस चालली, आणखी आठ चालेल. खरं सांगायचं तर 'चालवा काका, काही होत न्हाई' हे शब्द तिच्या ओठावर आलेसुद्धा. मग सरांचा प्लास्टरमधला पाय आठवला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. शेषेरावाचं उट्टं काढायला शेषेरावच व्हायचं व्हय?

"काका, गाडी इथंच ठेवा. आठ दिवस माझी स्कूटी न्या," ती म्हणाली, आणि सगळी हकिकत सांगितली. बसलिंगप्पा आधी लाल झाले, मग हळूच म्हणाले, "नांदेडला कवा जायचं ते सांग. मी येतो."

खंडेनवमीलाच जायचं होतं. दुसरा दिवस चालला नसता. त्या दिवशी शोरूममध्ये पाटावर सगळी हत्यारं मांडतात, पाने, हातोड्या, पंप, सगळ्याला हळदकुंकू लागतं. जुनी गिऱ्हाइकं गाड्या हार घालून रांगेत लावतात, मालक देविदासशेठ स्वतः हजर असतात. आणि शेषेराव महा भाविक. जे हत्यार पोटाला देतं ते पाटावर ठेवलं नाही तर वर्षभर हात चालत नाही, ही त्याची समजूत. गेल्या वर्षी त्यानं ते निळं अ‍ॅडॅप्टर पान्यांच्या मधोमध झेंडूखाली ठेवलेलं राजकन्यानं डोळ्यांनी बघितलं होतं.

'छोटा हत्ती' टेम्पोत गाडी घालून दोघं नांदेडला पोचली तेव्हा आरती नुकतीच संपली होती. शेषेराव रेशमी झब्ब्यात प्रसाद वाटत होता. राजकन्याला बघून त्याचा हात थांबला.

"काय गं, नखं रंगवायची राहिली का?"

"गिऱ्हाईक घेऊन आलेय," राजकन्या म्हणाली, मोठ्यानं, मालकांना ऐकू जाईल असं. "बसलिंगप्पा काकांची गाडी. ऑइल बदललं होतं का इचं?"

"तीनदा. माझ्या डोळ्यांसमोर."

"अन् मीटरवरचा दिवा?"

"कंपनीच्या मशीननं. दुसरं काही आम्ही वापरतच न्हाई. शेठला इचार."

मालकांनी मान हलवली. राजकन्या सरळ पाटाकडं गेली. चप्पल काढली, हात जोडले, आणि झेंडू बाजूला करून कुंकू लागलेलं निळं अ‍ॅडॅप्टर उचललं.

"मग हे कुणाचं?"

शेषेरावाचा चेहरा पडला, पण तो पक्का गडी. "काय म्हाईत. कुणी पोरांनी ठेवलं आसंल."

"म्हणजे बेवारस." शेजारी जळक्या ऑइलचा डबा होता. राजकन्यानं त्यावर हात नेला आणि बोटं सैल केली.

"ए! ए! पूजेतलं हाय ते!" शेषेराव प्रसादाची परात टाकून धावला. "टाकू नको! वरीसभर धंदा बसंल माझा!"

"कुणाचा?"

शेषेरावानं जीभ चावली.

मालक उठून उभे राहिले. तरी शेषेरावाचं तोंड थांबेना. "शेठ, हिचा काय भरवसा! गाडी हिनंच आणलीया, काय बी करून आणलं आसंल!"

ह्याच वाक्याची राजकन्या वाट बघत होती. "खरंय. माझ्यावर भरवसा ठेवूच नका," ती रांगेतल्या गिऱ्हाइकांकडं वळली. "ज्यानं त्यानं आपल्याच गाडीखाली वाका. नटावर जांभळी रेघ दिसली तर ती मी ओढलेली हाय, वर्षाच्या आधी. ती शाबूत आसंल तर तवापासनं तुमचं ऑइल कुणी बदललेलं न्हाई."

मग मुदखेडच्या एका म्हाताऱ्यानं धोतर सावरून मोबाईलची बॅटरी लावली. "आरं देवा," तो गाडीखालूनच ओरडला, "हाय की रेघ!" मग काय, नवे कपडे घातलेली माणसं गुडघ्यांवर बसली, कुणी आडवीच झाली. इकडं हाय, माझ्याबी हाय, हराम्या, दोनदा पैसे दिले तुला! अकरा गाड्यांखाली अकरा रेघा निघाल्या. राजकन्या मोजत उभी होती आणि प्रत्येक आकड्याला तिच्या छातीत गार वाटत होतं. आणखी निघू देत, आणखी.

शेषेराव मालकांचे पाय धरायला वाकला. मालक मागं सरकले. "राजकन्या, उद्यापासनं ये तू. ह्याच्या जागेवर."

"न्हाई शेठ, माझं दुकान हाय लातुरात. मला एवढंच पायजे, काकांचा नट ह्यानं खोलायचा. माझ्यासमोर."

शेषेरावानं मालकांकडं बघितलं. मालकांनी गाडीकडं बोट दाखवलं. मॅनेजर झाल्यापासून जो माणूस कधी गाडीखाली वाकला नव्हता, तो रेशमी झब्ब्यात फरशीवर आडवा झाला. रेघ तुटली. डांबरासारखं ऑइल घळाघळा त्याच्या मनगटावरनं बाहीत शिरलं. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. राजकन्या हसली नाही. तिचं अजून झालं नव्हतं.

"आता वैजनाथ सरांना फोन लावा. स्पीकरवर."

काळ्या बोटांनी त्यानं फोन लावला. "सर, शेषेराव बोलतो... ती तुमची गाडी... ऑइल बदललंच नव्हतं. कागदावर राजकन्याचं नाव मी घातलं व्हतं."

पलीकडनं सर म्हणाले, "ती आहे का तिथं?"

"हाव सर," राजकन्या म्हणाली.

"माझी गाडी अजून अंगणात खोललेलीच पडलीय. तुझ्याकडं लातूरला पाठवू का?"

"पाठवा सर." ओढणीनं तोंड पुसून तिनं स्वतःला सावरलं.

मग शेषेरावानं खाली आडवं होऊन नट आवळला, एका पोरानं वरनं नवं ऑइल ओतलं. शेषेराव उठायला लागला. राजकन्यानं बॅगेतून जांभळी बाटली काढली, झाकण उघडलं आणि ब्रश त्याच्या काळ्या बोटांत दिला.

"झोपा परत," ती म्हणाली. "रेघ राहिलीय. अन् सरळ ओढा, लोक बघून राहिलेत."