माझे खोटे कुरव

मी एक जुने मोजणीयंत्र आहे. मुठीत मावणारे, पितळी. खटका दाबला की माझा आकडा एकाने पुढे सरकतो. एवढेच काम होते, मित्रांनो, आणि तेही मी धड केले नाही.

पंपघरातले काका मला वीस वर्षे वापरत होते. आमचा तलाव समुद्रापासून फार दूर. तरी थंडी पडली की समुद्रावरचे कुरव पक्षी येत, आणि ऊन तापायच्या आत निघून जात. दर रविवारी सकाळी काका भिंतीवर बसून ते पांढरे, भांडखोर पक्षी मोजत. डोळे पाण्यावर, अंगठा माझ्यावर. पहिल्या हिवाळ्यात चारशे भरले. हे यंत्र म्हणजे नुसते सोने आहे, असे काकांनी काकूंना सांगितले. मी फुलून गेले.

पुढे माझा एक दाता झिजला. एका दाबाला कधी दोन, कधी तीन आकडे सरकू लागले. दरवर्षी कुरव घटत होते आणि दरवर्षी मी जास्त घसरत होते. काका लिहीत त्या वहीत मात्र आकडा चारशेच्या आसपासच. मला सगळे कळत होते, पण अडगळीत पडायच्या भीतीने मी मूग गिळून बसले.

मग तलावाच्या उथळ टोकाला भराव घालायचे ठरले. कुरव नेमके तिथेच उतरत. अधिकारी बाईंनी वही चाळली. पक्षी काही कमी होत नाहीत, मग अडचण कसली, असे म्हणून त्यांनी सही केली.

भराव पडला. पुढच्या हिवाळ्यात काकांची मुलगी सुट्टीवर आली होती. तिने बोटांवर कुरव मोजले. अकरा. काकांनी मोजले, तर माझ्यावर सव्वीस. तिने मला शून्यावर आणून दहा वेळा दाबले. चोवीस.

"बाबा, हे कधीपासून असं आहे?"

काकांनी मला तिच्या हातातून घेतले. "पाणी रिकामं दिसायचं गं," ते म्हणाले. "पण आकडा भरायचा. मला तोच बरा वाटायचा."

त्यांनी मला फेकले नाही. फेकले असते तर सुटले असते. ती वही आता दुरुस्त होत नाही, कारण कुठल्या दाबाला मी किती घसरले, ते मलाही आठवत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना पुसा, तेल द्या, पण आधी दहा वेळा दाबून बघा. आणि डोळ्यांना काही वेगळे दिसले, तर डोळ्यांचे ऐका.

मुलगी सुट्टीवर आली की अजून बोटांवरच मोजते. गेल्या रविवारी तिला दुसरा हात लागला नाही.